विभवांतर आणि विद्युतधारेवरून काढलेला रोध मल्टीमीटरने मोजलेल्या रोधाशी का जुळत नाही?

प्रश्न

१२ व्होल्ट, २१ वॅट अशी नोंद असलेल्या टंगस्टन तंतूच्या दिव्याचा रोध आणि शक्ती मला मोजमापांवरून काढायची आहे. दिवा बॅटरीला जोडून प्रकाशमान असताना विद्युतधारा १.७५ अँपिअर भरली आणि बॅटरीच्या अग्रांमधील विभवांतर १२.६ व्होल्ट होते. ओहमच्या नियमानुसार रोध ७.२ ओहम येतो आणि गुणाकार केल्यास शक्ती २२.०५ वॅट येते. त्यानंतर दिवा परिपथातून काढून, तो पूर्ण थंड झाल्यावर मल्टीमीटरने रोध मोजला, तर तो केवळ ०.६ ओहम दिसला. हा रोध घेऊन विभवांतराच्या वर्गाला भागले असता शक्ती सुमारे २६५ वॅट होते, जे उघडच अशक्य वाटते. यांपैकी कोणता रोध खरा मानावा, आणि शक्तीचे कोणते सूत्र विश्वासार्ह आहे?

उत्तर १

आपण दिलेले दोन्ही रोध खरे आहेत, मात्र ते तंतूच्या दोन वेगळ्या अवस्थांचे आहेत. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. प्रकाशमान तंतूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या बरेच वर असते आणि तेथे त्याचा रोध थंड अवस्थेतील रोधाच्या दहापटीहून अधिक होतो. मल्टीमीटर रोध मोजताना अत्यल्प धारा सोडतो, त्यामुळे तंतू तापत नाही व आपल्याला थंड रोधच दिसतो. शिवाय ०.६ ओहमसारख्या लहान मोजमापात मल्टीमीटरच्या तारांचा रोधही मिसळलेला असतो, म्हणून दोन्ही टोके एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा त्यातून वजा करावा.

२६५ वॅट हा आकडा निरर्थक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तंतू थंडच असतो, त्यामुळे तेव्हा नेहमीच्या कित्येक पट धारा वाहते आणि तितक्या प्रमाणात शक्तीही खर्च होते. पण तंतू क्षणार्धात तापतो, रोध वाढतो आणि धारा १.७५ अँपिअरवर स्थिरावते. दिवे पुष्कळदा बटण दाबतानाच जातात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता सूत्रांविषयी. विभवांतर म्हणजे प्रति कूलोम ऊर्जा आणि धारा म्हणजे प्रति सेकंद वाहणारा प्रभार, म्हणून त्यांचा गुणाकार प्रति सेकंद ऊर्जा, म्हणजेच शक्ती देतो. यासाठी ओहमच्या नियमाची गरजच पडत नाही. 'धारेचा वर्ग गुणिले रोध' आणि 'विभवांतराचा वर्ग भागिले रोध' ही दोन सूत्रे या गुणाकारात रोध बसवून मिळालेली आहेत, म्हणून त्यांत घातलेला रोध त्याच क्षणाचा, त्याच अवस्थेतील असला पाहिजे. आपण गरम अवस्थेतील विभवांतराबरोबर थंड अवस्थेतील रोध वापरला, हीच विसंगती आहे.

उत्तर २

वरील स्पष्टीकरणाशी मी सहमत आहे, परंतु ७.२ ओहम हा आकडाही केवळ दिव्याचा नाही. आपण विभवांतर बॅटरीच्या अग्रांवर मोजले आहे, त्यामुळे जोडतारा, जोडांचे सांधे आणि एकसर जोडलेला अँमीटर या सर्वांचा रोध त्यात आला आहे. व्होल्टमीटर थेट दिव्याच्या अग्रांना समांतर जोडून पुन्हा मोजावे. बॅटरी जोडलेली असताना मल्टीमीटर रोधाच्या स्थितीत कधीही लावू नये. तसेच अँमीटरच्या स्थितीतील मल्टीमीटर चुकूनही समांतर जोडू नये, कारण त्याचा रोध इतका कमी असतो की बॅटरी जवळजवळ लघुपरिपथित होते.

प्रश्नकर्ता

सूचनेनुसार मोजले. दिव्याच्या अग्रांवर १२.० व्होल्ट आहेत आणि धारा तीच, १.७५ अँपिअर. म्हणजे दिव्याची शक्ती बरोबर २१ वॅट आणि रोध ६.८६ ओहम. उरलेल्या ०.६ व्होल्टवरून तारा व अँमीटर मिळून रोध ०.३४ ओहम आणि त्यांत खर्च होणारी शक्ती १.०५ वॅट येते. २१ आणि १.०५ यांची बेरीज २२.०५ होते, म्हणजे हिशेब पूर्ण जुळला. मात्र दिव्यावरील विभवांतर ६ व्होल्ट केल्यावर धारा निम्मी न होता १.२ अँपिअर भरली. मग या दिव्याला ओहमचा नियम लागू पडतो का?

उत्तर १ देणारे

आपल्या नव्या नोंदीनुसार ६ व्होल्टला रोध ५ ओहम आणि शक्ती ७.२ वॅट आहे. रोध स्थिर राहिला असता तर शक्ती २१ वॅटच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ५.२५ वॅट झाली असती. तापमान आणि इतर भौतिक अवस्था कायम असतील तर धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते, असे ओहमचा नियम सांगतो. येथे तापमानच बदलत असल्यामुळे ती अट पूर्ण होत नाही. विभवांतर भागिले धारा हा रोध प्रत्येक बिंदूला काढता येतो, पण एका बिंदूचा रोध दुसऱ्या बिंदूसाठी वापरता येत नाही.

तुलनेसाठी पुरेशा वॅट क्षमतेचा १० ओहमचा स्थिर रोधक घ्यावा. १२ व्होल्टला १.२ अँपिअर व १४.४ वॅट, तर ६ व्होल्टला ०.६ अँपिअर व ३.६ वॅट असे आकडे यायला हवेत. १४.४ वॅटसाठी किमान २५ वॅटचा रोधक निवडावा आणि तो चालू असताना हाताने स्पर्श करू नये, कारण क्षमतेच्या आत असूनही तो चांगलाच तापतो.