गिनी-बिसाऊ आणि बिजागोश बेटं: कोणी जाऊन आलंय का?

खडीसाखर
नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या आम्ही लिस्बनला आहोत. इथून बिसाऊला, म्हणजे तिथल्या राजधानीला, थेट विमान मिळतं, म्हणून नोव्हेंबरात बारा दिवस पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊला आणि तिथल्या बिजागोश बेटांवर जावं असं डोक्यात आलंय. (आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "हे नाव तू आत्ताच बनवलंस ना?") यादी अशी: समुद्रात डुंबणारे पाणघोडे, पोइलाँ बेटावरची कासवं, बेटांवरच्या बिजागो लोकांचे मुखवटे, कांतान्येझच्या जंगलातले चिंपांझी आणि जुनी राजधानी बोलामा. बसेल का एवढं? मी शाकाहारी, नवरा काहीही खातो.

ओहोटी
नाही बसणार. यादीवर काट मारा.

तिथे ठिकाणांमधली किलोमीटर मोजून काही उपयोग नाही, सगळं बोटीवर ठरतं. बिसाऊहून बुबाक बेटाला जाणारी फेरी साधारण शुक्रवारी सुटते आणि रविवारी परत येते. सुटायची वेळ भरतीवर. आम्ही पहाटे पाचला धक्क्यावर हजर, आणि बोट हलली साडेदहाला. तोवर बोटीत माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, एक फ्रीज आणि दोन बकऱ्या चढल्या होत्या. म्हणून एका शुक्रवारी जा आणि पुढच्या आठवड्याच्या रविवारी परत या. नऊ रात्री बेटांवर, उरलेले दिवस बिसाऊत. कांतान्येझ दक्षिणेला मुख्य भूमीवर आहे, रस्ते वाईट. ते पुढच्या खेपेला.

मधल्या वारी कोणी लाकडी होडीने नेतो म्हणालं तरी नको. खचाखच भरतात, लाइफ जॅकेट मागितलं तर हसतात. एकदा बसलोय, पुन्हा बसणार नाही.

चिखल्या
पक्ष्यांचं नाव कोणीच कसं काढलं नाही! ओहोटीला बेटांभोवती जो चिखल उघडा पडतो, त्यावर युरोप आणि आर्क्टिकमधून हिवाळ्यात लाखो पाणपक्षी उतरतात. तुतारी, चिखल्या, सगळी मंडळी. ठाण्याच्या खाडीवर दुर्बीण लावून बसणाऱ्यांनी तर जायलाच हवं. ८० हून जास्त बेटं, त्यातल्या मोजक्याच बेटांवर कायमची वस्ती. १९९६ पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र, आणि जुलै २०२५ मध्ये इथल्या किनारी परिसंस्थांना जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला. त्यामुळे गर्दी वाढायच्या आत जा.

कासवांबद्दल: पोइलाँवर हिरवी समुद्री कासवं अंडी घालतात ती मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसात. नोव्हेंबरात माद्या कमी, पण पिल्लं समुद्राकडे जाताना दिसू शकतात. वेळासला पाहिलं असेल तर कल्पना येईल, फक्त इथे कासव वेगळं आणि आकडे फार मोठे. मात्र बेट पवित्र आहे, तिथे कोणी राहत नाही. उद्यानाची परवानगी आणि सोबत माणूस घेतल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही.

ओहोटी
बरोबर. आणि पाणघोड्यांसाठी ओरांगो बेट. गावाशी जोडलेलं ओरांगो पार्क हॉटेल आहे, तिथून वाटाड्या घेऊन अनोरच्या तळ्याकडे चालत जायचं. उंच गवत, मग गुडघाभर काळं पाणी. वाटाड्या मध्येच थांबला, हात वर केला. आम्हाला काहीच दिसेना. मग पाण्यावर दोन कान फडफडले. तेवढंच. अर्धा तास आम्ही कान बघत उभे होतो आणि कोणालाही कंटाळा आला नाही.

बोंडू
मी वेंगुर्ल्याचा, घरचा काजूचा कारखाना. इथे 'बिसाऊ' म्हणजे देश नव्हे, बी! चांगला गर निघणारी आफ्रिकेची बी म्हणून नाव आहे. त्या देशाची जवळजवळ सगळी निर्यात काजूवर चालते, आणि कच्ची बी मोठ्या प्रमाणात आपल्याकडे आणि व्हिएतनामला येते. झाड मूळ ब्राझीलचं, गोव्यात आणलं पोर्तुगीजांनीच. तिकडे बोंडूच्या रसाची दारू करतात. हुर्राकची सवय असलेल्याला ओळखीची वाटेल, पण हंगाम एप्रिल-मेच्या सुमाराचा, नोव्हेंबरात बोंडू विसरा.

मावळतीकर
ताई, मुखवट्यांबद्दल जरा सांभाळून. 'वाका ब्रुतु' म्हणजे खरी शिंगं लावलेला बैलाचा लाकडी मुखवटा. तो नुसता खेळ नाही. वयात येणाऱ्या मुलांच्या टप्प्यांशी त्याचं नातं आहे. बोहाड्याचे मुखवटे देवाचे असतात, तसंच काहीसं समजा. कोणी पैसे घेऊन नाचून दाखवेल, दाखवतातही, पण गावात शिरल्यावर आधी प्रमुखाला भेटा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. ठरावीक जागी, ठरावीक काळात बाहेरच्यांना मज्जाव असतो. "का?" असं विचारत बसू नका.

आणि बिजागोंमध्ये "बायकांचं राज्य" असतं असं ऐकून जाल, तर ते निम्मंच खरं. पुजारणींचा मान मोठा आहे. ओरांगोवर राणी ओकिंका पाम्पाची समाधी आहे, ती १९३० मध्ये वारली. मुलीनेच मासा रांधून मुलाला मागणी घालायची अशीही रीत होती, आता ती विरत चाललीय. पण रोजची शेती, पाणी, स्वयंपाक बायकांच्याच डोक्यावर. राज्य कसलं!

खडीसाखर
बोलामाही काढू का मग?

मावळतीकर
काढू नका, एक दिवस द्या. १९४१ पर्यंत राजधानी होती. आता खांबांची भव्य नगरपालिका उभी आहे आणि आत झाडं वाढलीत. त्याआधी हे बेट इंग्रजांना हवं होतं. शेवटी १८७० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी लवाद म्हणून ते पोर्तुगालला दिलं. त्यांचा पुतळाही इथे उभारला होता.

ओहोटी
आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं. पीतज्वराची लस आणि पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. तिथलं चलन सेफा फ्रँक, ते युरोला बांधलेलं आहे, १ युरोला जवळपास ६५६. रोख बिसाऊतच काढा, बेटांवर मशीनच्या भरवशावर राहू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, आणि तिथे हे पहिल्यांदा घडलेलं नाही. तिकीट बदलता येईल असंच घ्या, आणि बिसाऊत सैनिकांचे, सरकारी इमारतींचे फोटो नकोत.

शाकाहारी म्हणून: भात सगळीकडे. 'मांकारा' म्हणजे शेंगदाणे, त्यांचा दाट रस्सा भातावर घेतात, चव आपल्या कुटाच्या आमटीच्या आसपास. पण आत मासा किंवा कोंबडी असतेच. आधी सांगितलंत तर वेगळा करून देतात. नाहीच दिला तर आंब्यांवरही भागणार नाही, नोव्हेंबरात ते पिकलेले नसतात. म्हणून लिस्बनहून मेतकूट आणि पोहे न्या.

खडीसाखर
मेतकूट आहे घरात. शुक्रवारची फेरी धरून तारखा टाकते. आईला नकाशा पाठवलाय, तिचं उत्तर: "बोट बकऱ्यांची आहे की माणसांची?"

ओहोटी
दोघांची. बकऱ्यांना जागा आधी मिळते.