समितीच्या बैठकीत ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार आहे. संकुलातील सांडपाण्याची टाकी गाळाने भरली आहे आणि यंत्राने उपसा करणाऱ्यापेक्षा बऱ्याच कमी दरात, माणसे आत उतरवून ती साफ करून देणारा कंत्राटदार अध्यक्षांनी पाहून ठेवला आहे. आगाऊ रकमेच्या धनादेशावर माझी सही लागेल. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मी बैठकीत सांगितले, तेव्हा "झाकण दोन दिवस उघडे ठेवू, वास गेला की धोका गेला" असे उत्तर मिळाले. अध्यक्ष वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात अपरात्री गाडी काढून तेच धावून आले होते. शिवाय इमारतीत आमचे एकच घर ख्रिस्ती असल्यामुळे, मी अडून बसलो तर त्याचा वेगळाच अर्थ काढला जाईल, असे घरच्यांना वाटते. रोज प्रार्थना करतो, तरी बैठकीच्या नुसत्या आठवणीने छातीत धडधडते. माझा विश्वास कमी पडतो आहे, असे समजायचे का?

उत्तर (ऐरोली)
बंधू, बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय सावकाश वाचा. नहेम्या हा पारसच्या राजाच्या सेवेतला यहुदी. राजाने उदास चेहऱ्याचे कारण विचारले, तेव्हा आपण फार घाबरलो, असे तो स्वतः लिहितो. तरीही त्याच घटकेला मनातल्या मनात प्रार्थना करून तो बोलतो. भीती आधी गेली आणि मग तो बोलला, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कित्येक दिवसांच्या उपास-प्रार्थनेनंतर उभ्या राहिलेल्या या माणसाला यरुशलेमचा पडलेला तट बांधायला जाण्यासाठी काय मागायचे ते नेमके ठाऊक होते: नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे, आणि वेशीच्या तुळयांसाठी लाकूड मिळावे म्हणून राजाच्या वनाच्या रखवालदाराला पत्र. तुमची प्रार्थनाही इतकी नेमकी होऊ द्या. "मला धैर्य दे" एवढ्यावर थांबू नका; बैठकीत कोणते वाक्य बोलायचे आणि इतिवृत्तात कोणता विरोध नोंदवून घ्यायचा, हे देवापुढे बसून कागदावर लिहा. आणि एकटे जाऊ नका. आपल्या लोकांना वाचवण्यासाठी न बोलावता राजापुढे जायला निघालेली एस्तेर राणी "मी मेले तर मेले" म्हणाली खरी, पण त्याआधी तिने शूशन नगरातल्या सर्व यहुद्यांना आपल्यासाठी तीन दिवस उपास करायला सांगितले होते. पाळकसाहेबांना आणि मंडळीतील दोघा-तिघांना ही गोष्ट आजच सांगा.

उत्तर (कळवा)
मी कॅथलिक आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत सुरक्षेचे काम पाहतो, म्हणून वासाच्या मुद्द्यावर लिहितो. गाळात तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे "वास गेला" हे वाक्य सर्वांत घातक क्षणीही खरे ठरू शकते. शिवाय तळाशी साचलेला गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे झाकण आधी उघडे ठेवले होते याचा उपयोग नाही. पहिला माणूस कोसळला की त्याला ओढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा अपघातांत हे वारंवार घडते. कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. हे सगळे जरूर सांगा, पण त्याच्याआड लपू नका, असे मला मनापासून वाटते. जो उतरणार आहे तोही देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, आणि माझ्या सहीने मी त्याला खाली पाठवणार नाही, हे खरे कारण आहे. ते साध्या शब्दांत बोलायला लाजू नका.

उत्तर (वाशी)
वरील दोघांशी सहमत आहे, फक्त क्रम बदलावा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू आधी एकांतात जाऊन बोलायला सांगतो. ज्यांनी तुमच्या वडिलांसाठी गाडी काढली, त्यांना चारचौघांत खजील करण्याआधी त्यांच्या घरी जा. तेवढ्याने भागले नाही तर मात्र लेखी आणि उघड बोला. १८९७ च्या प्लेगच्या वेळी पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले होते. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, आणि लोक काय अर्थ काढतील याचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सकाळी अध्यक्षांच्या घरी जात आहे. यंत्राने उपसा करणाऱ्या दोघांची दरपत्रके सोबत नेतो आणि फरकाची रक्कम दुरुस्ती निधीतून भागते का, तो हिशेबही मांडून ठेवतो. तरीही ते ऐकले नाहीत, तर धनादेशावर सही करणार नाही आणि विरोध इतिवृत्तात नोंदवून घेईन. धडधड अजून आहे. शनिवारी दहा वाजता माझी आठवण ठेवून प्रार्थना करावी, ही विनंती.