मदत हवी आहे : जीएनएस३ मधील अल्पाइन कंटेनरमध्ये बसवलेली साधने टिकत नाहीत

नमस्कार. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जीएनएस३वर (संगणकावरच आभासी नेटवर्क उभारण्याचे सॉफ्टवेअर) नेटवर्किंगची प्रात्यक्षिके घेतो. आमच्या संगणकांची रॅम ८ जीबीच असल्यामुळे प्रत्येक टोकाला पूर्ण व्हर्च्युअल मशीन चालवणे परवडत नाही (उन्हाळ्यात तर यंत्रांच्या पंख्यांपुढे माझाच आवाज ऐकू येत नाही), आणि व्हीपीसीएस (जीएनएस३मधला साधा आभासी संगणक) हलके असले तरी पिंग, ट्रेस व डीएचसीपी यांच्या फारसे पुढे जात नाही. म्हणून अल्पाइन लिनक्सचा डॉकर कंटेनर (व्हर्च्युअल मशीनपेक्षा हलके, स्वतंत्र चालणारे वातावरण) संगणक म्हणून जोडला. त्याची मूळ इमेज (ज्या साच्यावरून कंटेनर तयार होतो तो) १० एमबीपेक्षाही लहान आहे.

अडचण अशी, की नॅट नोडमधून (आभासी नेटवर्कला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा घटक) इंटरनेट घेऊन ‘एपीके ॲड’ या अल्पाइनच्या आज्ञेने आयपर्फ३ (वेग मोजण्याचे साधन) आणि टीसीपीडंप (पॅकेट पाहण्याचे साधन) बसवले, ते नीट चालले, पण प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडताच ‘टीसीपीडंप: नॉट फाउंड’ असा संदेश आला. नेटवर्कच्या फोल्डरातील इंटरफेसेस फाइलमध्ये लिहिलेला १९२.१६८.१०.११ हा आयपी पत्ता मात्र जसाच्या तसा होता, यावरून त्या फोल्डरखेरीज बाकीचे पुसले जाते असे दिसते.

जीएनएस३मधील टिकवायच्या फोल्डरांच्या यादीत ‘यूएसआर’ (जिथे साधने बसतात तो फोल्डर) घालणे मला आडमार्गाचे वाटते. त्याऐवजी डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची याच्या सूचनांची फाइल) लिहून साधनांसह स्वतःची इमेज बनवावी आणि यादीत विद्यार्थ्यांच्या स्क्रिप्टसाठी फक्त ‘रूट’ ठेवावे, हे योग्य ठरेल का? तसेच प्रयोगशाळेत इंटरनेट भरवशाचे नसल्याने ती इमेज ‘डॉकर सेव्ह’ने फाइल म्हणून पेनड्राइव्हवर घेऊन २० यंत्रांवर ‘डॉकर लोड’ करताना कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.