मदत हवी आहे: चपटी खोळ आणि गोल खोळ, दोन कसरी वेगळ्या कशा ओळखायच्या?

भिंतीच्या तळाशी १२ मिमीच्या चपट्या खोळी (कसरीची, म्हणजे कापड कुरतडणाऱ्या पतंगाची, अळी ज्यात राहते ते आवरण) आहेत आणि लोकरीच्या घडीत ९ मिमीची गोल नळी. पहिली फेरेओका युटेरेला या जातीची, दुसरी टिनिया पेलिओनेलाची असावी असं वाटतं. पण तशीच एक नळी छतालगतही चिकटली आहे आणि तिथे लोकर नाही. ओळख पक्की कशी करायची? दोन्हींवर उपाय एकच का?

प्रतिसाद १
जागेवरून ठरवू नका, बहुतेकांची गल्लत तिथेच होते. पेलिओनेलाची अळी खाते लोकरीवर, पण कोषात जायची वेळ आली की खोळीसकट भिंत चढून फटीत किंवा छताच्या कोपऱ्यात जाते. रंगही फसवा: लाल लोकर कुरतडली की खोळ लाल. आकार बघा. युटेरेलाची खोळ भोपळ्याच्या बीसारखी, मध्ये ३ ते ५ मिमी रुंद. त्या रुंदीमुळे अळी आतल्या आत वळून दोन्ही टोकांनी खाऊ शकते. बाहेरून वाळू-गिलाव्याचे कण. पेलिओनेलाची खोळ म्हणजे धाग्यांची सरळ नळी.

अळी आत असेल तर खोळ बारीक कात्रीने उभी उघडा आणि १० पट भिंगाखाली धरा. युटेरेलाच्या डोक्यामागच्या तिन्ही खंडांवर गडद, कडक पट्ट्या दिसतात. पेलिओनेलात डोकं आणि त्यालगतच्या पहिल्या खंडाची ढाल, एवढंच गडद.

प्रतिसाद २
वरच्या खुणांनी टिनिया की फेरेओका एवढंच कळतं. टिनिया डुबिएला पेलिओनेलासारखीच दिसते आणि पतंगाच्या पंखांवरचे ओळखीचे तीन ठिपके खवले झडले की पुसले जातात. नक्की नाव हवं असेल तर पतंगाचं पोट पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात रात्रभर ठेवून जननेंद्रियं तपासावी लागतात. द्रावण तापवलंत तर काही मिनिटांतच काढा, नाहीतर नाजूक पडदे विरतात.

उपाय वेगळे. युटेरेला जुनी कोळिष्टकं, मेलेले किडे, केस खाते आणि तिला दमट हवा लागते. म्हणून कोपरे झाडा, ओल घालवा. फवारणीची गरज सहसा पडत नाही. पेलिओनेलासाठी मात्र लोकर हवा काढलेल्या बंद पिशवीत उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. गठ्ठा जाड नको, गाभा गोठायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, कापडावर दव धरतं.

धागाकर्ता
छताजवळच्या नळीच्या टोकातून पातळ तपकिरी साल डोकावते आहे. अळी मेली का?

प्रतिसाद १
नाही, ती कोषाची रिकामी साल. पतंग बाहेर पडून गेला. लोकरीच्या घड्या, शिवणी आणि कॉलरखालचा भाग आजच उलगडून बघा, अंडी तिथेच घातली जातात.