जिन्यात कोणीतरी पर्शियन मांजर सोडून गेलंय, न्यायला लोक तयार आहेत, देऊन टाकू का?

विक्रोळीकरीण

मंडळी मदत हवीये, जरा लवकर सांगा प्लीज. आम्ही कन्नमवार नगरात राहतो, म्हाडाची जुनी बिल्डिंग. परवा रात्री पाऊस धो धो चालू होता, साडेदहाला कचरा टाकायला खाली उतरले तर मीटरच्या पेट्यांखाली बाजाराची नायलॉनची पिशवी, चेन अर्धी लावलेली आणि आत काहीतरी हलतंय. आधी वाटलं घूस आहे. उघडली तर पर्शियन मांजर. मूळची पांढरी असावी, आता चहाच्या फडक्याचा रंग आलाय. गळ्यात गुलाबी पट्टा, त्यावरचं घुंगरू काढून घेतलेलं, नुसती कडी लोंबतेय. पोटाखाली आणि मागच्या पायांमध्ये केसांच्या अशा जटा झाल्यात की पाय नीट टाकता येत नाहीत, सशासारखी टुणटुण चालते. डोळ्यांतून तपकिरी पाणी.

घरी आणून मोरीत ठेवलीये. सासूबाईंना दमा आहे, काल रात्री दोनदा पंप घ्यावा लागला, त्यामुळे ठेवून घेणं शक्य नाही हे आधीच सांगते, 'राहू द्या हो, लळा लागेल' असे सल्ले नकोत. दूध दिलं तर जुलाब लागले. काल जटा कापायला कात्री घेतली तर मनगटावर ओरबाडलं, थोडं रक्त आलं, हळद लावलीये.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला तर कोणाचीच नाही म्हणे, पण तो फोटो कुठे कुठे फिरला देव जाणे, संध्याकाळपर्यंत तीन फोन आले, आम्हाला द्या म्हणून. एक जण तर उद्या सकाळी गाडी घेऊन येतो म्हणतोय, वर दोन हजार देतो म्हणाला. नवरा म्हणतो दे आणि मोकळी हो. देऊ का?

परळची_पोर

ताई मांजराचं नंतर बघू, आधी तुमचं मनगट. हळद धुवून टाका, साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि आजच म्युनिसिपल हॉस्पिटलात जा. रेबीजची लस तिथे फुकट मिळते. रक्त आलंय म्हणजे नुसत्या लसीवर भागत नाही, जखमेत सिरम पण द्यावं लागतं, तेव्हा तिथे 'रक्त आलं होतं' हे स्वतःहून सांगा, गर्दीत कोणी विचारेलच असं नाही. डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, मधला चुकवू नका. पर्शियन आहे म्हणजे घरातली आहे, तिला कुठला रेबीज असं मनात असेल तर ते काढून टाका, कोणाच्या घरातली, लस दिली होती का, काही माहीत नाही आपल्याला.

आता तिचं. दूध बंद. चिकन उकडून, मीठ नाही, कांदा लसूण तर अजिबात नाही, हाताने बारीक कुस्करून द्या, पाण्याची वाटी बाजूला. दोन दिवस खाल्लं नाही तर थांबू नका, मांजर उपाशी राहिलं की लिव्हर बिघडतं. तापलेली वाटली तर चुकूनही घरातली क्रोसिन नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

कात्री तर लावूच नका हो! मांजराची कातडी पापडासारखी पातळ असते, जट ओढली की कातडी तिच्यासोबत वर येते आणि आपण केस समजून कातडीच कापतो. आंघोळ पण नको, ओल्या जटा वाळल्या की जास्त आवळतात. ट्रिमर लागतो, आणि एवढ्या जटा असतील तर डॉक्टरच भूल देऊन काढतील. अंगावर कुठे गोल चट्टा दिसतोय का तेही बघा, फंगल असेल तर घरातल्यांना पण होतं.

आमच्या परळच्या बैलघोड्यात नेऊ शकता. नव्या लोकांसाठी, पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, १८८० च्या दशकातलं, पण आजी सांगायची की ट्राम घोडे ओढायचे त्या काळात तिथे पेशंट बहुतेक बैल नाहीतर घोडेच असायचे, म्हणून बैलघोडा, आणि टॅक्सीवाल्याला अजूनही तेवढंच सांगितलं की पुरतं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं नवीन पण झालंय २०२४ मध्ये. फक्त रिक्षाने निघू नका, सायनच्या पुढे रिक्षा येत नाही, भर पावसात मांजर घेऊन उतरवतील.

डोंबलाचं

एवढा कशाला घोळ. मासळी बाजाराजवळ सोडून द्या, जगेल आपली आपण. मांजरं काय दवाखान्यात जाऊन वाढली का आजवर? आमच्या चाळीत वीस होती, कोणी लस दिली नव्हती.

मांजरमामा

@डोंबलाचं, तुमच्या चाळीतली वीस चाळीतच जन्मली होती, त्यांना कुठल्या कौलावरून कुठे उडी मारायची ते ठाऊक होतं. हिचं नाक चेहऱ्यात घुसलेलं, चार जिने चढली तर धापा टाकेल, आणि त्या जटांमध्ये पळणार कशी? बाजारातले बोके पहिल्याच रात्री हाणतील. शिवाय पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. दंड मात्र ऐकून हसाल, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास म्हणजे कोणाचातरी अर्धा पगार असेल, आज दोन वडापाव येतात. पिशवीवाल्याने तेवढा हिशोब केला असणारच.

आता विक्रोळीकरीण ताई, मुद्द्याचं. त्या गाडीवाल्याला मांजर देऊ नका. निदान नसबंदीचं ऑपरेशन होईपर्यंत तरी नाही.

कारण सांगतो, गेली बारा वर्षं भांडुप-मुलुंड पट्ट्यात हेच बघतोय. फुकटातल्या पर्शियनला सगळ्यात आधी फोन येतो तो ब्रीडिंगवाल्याचा. मांजराला व्यायला साधारण ६५ दिवस लागतात, पिल्लं अंगावर पीत असतानाच परत माजावर येते, आणि पर्शियनच्या पिल्लाला हजारांत भाव. मादी असेल तर ती त्याच्यासाठी चालतं फिरतं मशीन. चार-पाच वेळा व्यायली, अंगावरचं तेज गेलं की पुन्हा एखाद्या जिन्यात पिशवी. तुमची पण तशीच आली नसेल कशावरून? कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी २०१७ चे नियम तरी आहेत, ते कुत्र्यांपुरतेच.

ओळखायचं कसं तर काय विचारतो ते बघा. ज्याला खरंच मांजर पाळायचंय तो विचारतो खाते काय, घाबरट आहे का, लहान पोरांजवळ चालेल का. हा माणूस विचारेल मादी आहे ना, ऑपरेशन झालंय का, वय किती. एवढंच. आणि घाई. आजच नेतो, आत्ताच नेतो. तुम्ही फक्त एवढं म्हणा, 'डॉक्टरांनी अपॉइंटमेंट दिलीये, नसबंदी करून मगच देणार'. बघा फोन किती वेळ चालतो.

ठेवायची सोय नाही हे कळतंय. आमच्याकडे भांडुपला एक फॉस्टर पिंजरा रिकामा आहे, ऑपरेशनच्या आधी-नंतर धरून तीन आठवडे सांभाळू. खर्च निम्मा निम्मा करू. व्यनि (खासगी निरोप) करा.

विक्रोळीकरीण

लस घेतली, सिरम पण दिलं (हातात आणि मनगटाच्या जखमेत, बापरे काय दुखतं ते). परळची_पोर, खूप खूप आभार, मी खरंच हळदीवर बसून राहिले असते.

मामा तुम्ही ज्योतिषी आहात का? फोन केला, तुम्ही सांगितलं तसंच बोलले. पलीकडे जरा शांतता, मग 'ऑपरेशन कशाला करताय मॅडम, बिचारीला त्रास, मी माझ्या माझ्या डॉक्टरकडे करून घेतो की', मग 'बरं तीन हजार देतो', मग मी नाही म्हटल्यावर फोन कट. दुसऱ्या बाईने तर ऑपरेशन हा शब्द ऐकल्यावर 'मिस्टरांना विचारून सांगते' म्हणाली ते आजतागायत मिस्टर सापडलेले नाहीत. तिसरा फोन एका कॉलेजच्या मुलाचा, त्याच्या आईला माहीतच नव्हतं.

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, स्पीकरवर ठेवला होता ना फोन.

सायलेंट_वाचक

सहा वर्षं नुसता वाचतोय इथे, आज लॉगिन केलं.

आम्हीच तो पिशवीवाला नाही, पण फार लांब पण नाही. लॉकडाऊनमध्ये मुलगी घरात बसून रडायची म्हणून पर्शियन घेतली, बारा हजार दिले. रोज विंचरावी लागते हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पहिले सहा महिने सगळे विंचरायचे, मग ऑफिसं सुरू झाली, मुलीची दहावी आली, मांजर सोफ्याखाली बसायला लागली, आणि महिन्यातून चार दिवस रात्रभर अशी ओरडायची की खालच्या मजल्यावरचे वर आले भांडायला. ऑपरेशन करायचं आम्हाला सुचलं नाही, खरं सांगायचं तर पैसे घालवायचे नव्हते, पाच-सहा हजार सांगितले होते. शेवटी ऑनलाइन टाकलं, एक 'चांगली फॅमिली' आली, नवरा बायको, बाईने मांजर लगेच उचलून घेतली, आधी पोट चाचपलं. तेव्हा वाटलं किती माया आहे. आता वरचं वाचताना कळतंय पोट का चाचपलं.

पंधरा दिवस फोटो येत होते. मग डीपी दिसायचा बंद झाला. मुलगी आता बारावीला आहे, अजूनही कधीकधी विचारते आपली सिंबा कशी असेल, मी सांगतो मजेत असेल.

परळची_पोर

@सायलेंट_वाचक, लिहिलंत ते बरं केलंत. महिन्यातले ते चार दिवस म्हणजे माज, ऑपरेशननंतर ते ओरडणं थांबतं, साधारण सहा महिन्यांची झाली की करून घेता येतं. हे विकणाऱ्याने दारातच सांगायला हवं होतं.

डोंबलाचं

बरं बरं, बाजाराचं बोललो ते मागे घेतो. पण एक सांगा, आमच्या मुलाला पण मांजर हवीये, आम्ही आता एसआरएच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर. कबुतराची जाळी लावलेली आहे सगळीकडे. चालेल ना?

मांजरमामा

@डोंबलाचं, आता कसं बोललात! कबुतराची जाळी कबुतराला बाहेर ठेवायला असते, मांजर ती दाताने कुरतडते, आमच्या बोक्याने दोन रात्रींत मूठभर भोक पाडलं होतं. मांजर नवव्या जिवाने जगते वगैरे काही नाही, टॉवरमधून पडलेली दर पावसाळ्यात बघतो, कबुतर सळईवर बसलं की हिचं सगळं लक्ष तिकडे आणि ग्रिल ओलं. खिडकीला स्टीलची बारीक जाळी मारा, बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी विसरू नका, सगळे तीच विसरतात. आणि पर्शियन कशाला हवी, आपली साधी देशी घ्या, पावसाळ्यात पिल्लांचे खोकेच्या खोके येतात आमच्याकडे. दोन घ्या, एकमेकांत खेळतात, तुमच्या सोफ्याला कमी त्रास.

विक्रोळीकरीण

अपडेट. शनिवारी मामांकडे भांडुपला पोचवली. तीन कॅबवाल्यांनी मांजर बघून कॅन्सल केलं, शेवटी टोपलीवर ओढणी टाकून आंब्याची पेटी असल्यासारखी घेऊन गेले, जुलैत आंबे.

डॉक्टरांनी भूल देऊन जटा काढल्या, सगळा मिळून पायपुसण्याएवढा गालिचाच निघाला. तो निघाल्यावर पोटावर टाक्यांची जुनी खूण दिसली, सिझरची. डॉक्टर म्हणाले एकदा नाही, त्याच जागी दोनदा कापलंय, चपट्या तोंडाच्या मांजरींची पिल्लं अडकतात. वय चार-पाच वर्षं. चिप वगैरे काही नाही. अंगात जीव आल्यावर दोन आठवड्यांनी ऑपरेशन केलं, आता ठणठणीत आहे. भादरल्यामुळे दिसते मात्र सोललेल्या शहाळ्यासारखी.

वॉचमनकडून कळलं त्या रात्री बी विंगच्या इथे एक स्कूटर थांबली होती, पण कॅमेऱ्यात पाऊसच पाऊस, नंबर दिसत नाही. सेक्रेटरी म्हणाले जाऊ द्या आता. मी लेखी तक्रार देऊन पोच घेतलीये पोलिसांकडून, पन्नास रुपये तर पन्नास रुपये.

आणि घर मिळालं! दादरच्या एक रिटायर्ड शिक्षिका, पहिल्या फोनवर त्यांनी विचारलं 'तिला कुठल्या बाजूला झोपायला आवडतं'. मामा घर बघून आले, किचनच्या खिडकीला जाळी नव्हती म्हणून अडवून धरलंय. जाळीवाला गुरुवारी येतोय, तो मारून गेला की मामा फोटो मागवणार आणि मग मी टोपली घेऊन दादरला.

तोवर एकच शंका, परळची_पोर तुम्हीच सांगा. पहिल्या दिवशी कात्रीनंतर मी नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर पण चालवून बघितला होता, हे वर लिहिलं नव्हतं. तो आता नुसता घुं घुं करतो, पात्यात केस अडकलेत आणि निघत नाहीत. तो रोज शोधतोय, मी म्हणते बघ तुझ्याच बॅगेत असेल. उघडून साफ होतो का नवीनच आणू?