बायकोच्या व्हिसाला लसीची सूट मिळेल का?

गुहागरचा जावई: मी अमेरिकन सिटिझन, बायको गुहागरला माहेरी. मुंबईत व्हिसा मेडिकल पुढच्या महिन्यात. लहानपणी गोवराच्या लसीनंतर तिला ताप चढला होता म्हणे, सासूबाईंनी तर देवाला गाऱ्हाणंच घातलंय, लस नको म्हणून. धार्मिक कारण लावून सूट मागू का?

दापोलीकर: नको त्या फंदात पडू. त्यासाठी आय-६०१ हा सूट मागायचा फॉर्म, फी १०५० डॉलर, आणि विरोध एकाच लसीला नाही तर सगळ्याच लसींना असावा लागतो, तोही धर्म किंवा नैतिक श्रद्धेमुळे आणि मनापासूनचा. ताप आला होता हे कारण चालत नाही.

मालवणी ताई: जुनं लसीकरण कार्ड शोधा आधी. माझं पावसाच्या ओलीने बुरशी येऊन पत्र्याच्या पेटीला चिकटलेलं, हळूच सोडवलं, तारखा वाचता आल्या!! नाही सापडलं तर गोवराची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीत कळते, असेल तर ती लस नाही लागत.

गुहागरचा जावई: कार्ड बघतो. आणि हो, तिला चौथा महिना चालूये.

मालवणी ताई: अहो हे आधी सांगायचं ना! एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांच्या लसीत कमकुवत केलेले जिवंत विषाणू असतात, गरोदरपणी देतच नाहीत. मेडिकलचे डॉक्टरच फॉर्मवर तशी नोंद करतात, आय-६०१ लागतच नाही. बाकीच्या काही लसी मात्र देतील. छातीच्या एक्स-रेचं आधी फोन करून विचारा, पोटावर शिशाचा ॲप्रन लावतात.

गुहागरचा जावई: सासूबाईंना सांगतो, गाऱ्हाणं पोचलं 😄