बी-203 च्या एसीवर बर्फ (सोसायटीच्या ग्रुपवरनं)

बी-203 (शनिवार, रात्री 10:40) : कोण जागं आहे काय? बेडरूमच्या एसीतनं टपटप पाणी पडूलंय. झाकण उघडून बघितलं तर आत पांढरा बर्फ, हवा येईनाच. सासूबाई त्याच खोलीत झोपतात, त्यांना दमा आहे. काय करू?

ए-102 : गॅस संपला असणार ताई. आमचा दर मे महिन्यात भरावा लागतो. अर्ध्या तासात भरून जातात.

सी-301 : ताई, आधी कूलिंग बंद करा आणि नुसता फॅन चालू ठेवा. बर्फ आपोआप उतरू दे. चमच्यानं, स्क्रू ड्रायव्हरनं खरडू नका, आतली नळी फुटली तर मोठं काम निघतं. खाली परात ठेवा, पाणी बरंच येतं. आजींना आज हॉलमध्ये झोपवा.

बी-203 : हो काका, ठेवली परात.

डी-004 : 16 वर लावून झोपतात म्हणून झालं असेल का? आमची मुलं तेच करतात.

सी-301 : तेवढ्यानं चांगल्या एसीवर सहसा बर्फ धरत नाही, पण खराबीत भर पडते. आपल्याकडं वळीव पडून गेला की रात्र गार होते, त्यात 16 आणि पंखा अगदी हळू, मग कॉईल, म्हणजे हवा गार करणारी आतली नळ्यांची जाळी, फारच थंड पडते. 2020 पासून नवे एसी 24 वरच सुरू होतात, तो आकडा पुरेसा आहे.

ए-102, तुमच्यासाठीही लिहितो. मी आयटीआयमध्ये हाच ट्रेड शिकवला, म्हणून राहवत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो. दरवर्षी कमी पडतो म्हणजे गळतोय. गळती न काढता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं, आणि तुम्ही दरवर्षी त्याचे पैसे मोजताय.

गॅस कमी झाला की आतल्या कॉईलमधला दाब उतरतो, मग गॅस शून्याच्याही खाली उकळतो आणि हवेतला ओलावा तिथंच गोठतो. फिल्टर तुंबला तरी बर्फच होतो, कारण खोलीची गरम हवा कॉईलपर्यंत पोचत नाही. म्हणून बर्फ कुठं आहे ते बघायचं. सगळ्या कॉईलवर सारखा असेल तर फिल्टर नाहीतर ब्लोअर, म्हणजे आतला पंखा. एका कोपऱ्यात आणि बारीक पाईपवरच असेल, जाड पाईप कोरडा असेल, तर गॅस.

बी-203 (रविवार, सकाळी 9:15) : फिल्टर काढला काका. रस्ता उकरल्यापासूनची लाल माती, गोधडीसारखा थर बसलाय. धुऊन सावलीत वाळत घातलाय.

बी-203 (11:50) : फिल्टर बसवून एसी लावला, हवा छान येते. पण पाऊण तासात बारीक पाईपवर परत बर्फ. जाड पाईप कोरडाच आहे.

सी-301 : मग दोन्ही दोष आहेत, फिल्टरही आणि गॅसही. आलो तिकडं.

सी-301 (12:30) : गॅलरीतल्या युनिटच्या पितळी नटाखाली तेलाचा काळा डाग आहे, त्यावर धूळ चिकटलीय. गॅसबरोबर थोडं तेल फिरतं, गळती असेल तिथं ते बाहेर येतं. साबणाचा फेस लावला, बारीक बुडबुडे सुरू झाले. ताई, मेकॅनिक येईपर्यंत कूलिंग लावू नका.

बी-203 : मेकॅनिक आलाय. वरनं गॅस मारतो, दहा मिनिटांचं काम म्हणतो.

सी-301 : त्याला कानडीत सांगा, ग्यास हाकब्याड्री, मोदल लीक चेक माड्री, म्हणजे गॅस घालू नका, आधी गळती तपासा. नळीचं तोंड कापून नवीन फ्लेअर, म्हणजे नटात बसणारा पसरट काठ, करायचा, नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, मग व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा ओढून काढायची, आणि युनिटच्या प्लेटवर लिहिलेत तेवढे ग्रॅम वजन करून गॅस. तुमच्या एसीत आर-32 गॅस आहे, तो पेट घेऊ शकतो. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस आत असताना वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका.

ए-102 : काका, आमच्या युनिटच्या नटाखालीही तसाच डाग आहे. आत्ता बॅटरी लावून बघितला.

सी-301 : ताई, मग त्या मेकॅनिकलाच खाली ए-102 कडं पाठवा. आधी गळती, मग गॅस.

बी-203 (रात्री 11:05) : 24 वर चालू आहे. जाड पाईपला नुसता घाम, बर्फ कुठंच नाही. सासूबाई झोपल्या.